पेलाभर न्याहारी : डब्यातल्या कोरड्या पिठातून, पाच मिनिटांत

पहाटेच्या हजेरीला जाणारा सफाई कामगार, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, नाक्यावर कामासाठी उभा राहणारा बिगारी आणि सातच्या शाळेला पळणारे पोर, या सगळ्यांच्या सकाळीत एक गोष्ट सारखी असते. घरातून निघताना पोटात जातो तो कपभर गोड चहा. फार तर त्यात बुडवलेली दोन बिस्किटे, खारी किंवा पाव. 'वेळच मिळत नाही' हे कारण खोटे नाही. नळाला पाणी येण्याची वेळ, डबा करण्याची वेळ, संडासाची रांग आणि बसची वेळ हे सारे एकाच तासात येऊन पडते. त्या तासात पोहे-उपमा करून, बसून खाणे अनेक घरांना जमत नाही. म्हणून या वेळी आपण अशा न्याहारीची माहिती घेऊ, जी पेल्यातून पिता येते, पाच-सात मिनिटांत तयार होते आणि जिला फ्रिज लागत नाही.

शहरातल्या हॉटेलांत 'स्मूदी' नावाचे पेय मिळते. फळ, दूध आणि दाणे मिक्सरमध्ये फिरवले की झाली स्मूदी. नाव नवे असले तरी कल्पना आपल्याला नवी नाही. सातूचे पीठ कालवून पिणे, नाचणीची आंबील, ताकातली कण्यांची पेज हे सगळे त्याच जातीचे पदार्थ. फरक इतकाच, की हॉटेलातल्या पेयाला थंड फळे, ताजे दूध आणि विजेचा मिक्सर लागतो. आपल्या पेयाला लागतात चार कोरडे डबे, स्वच्छ पाणी आणि एक रवी.

चहा-बिस्किटात काय कमी पडते?

चहा आणि बिस्किटाने भूक मरते, पण शरीराला मिळते ते मुख्यतः साखर आणि मैदा. साखर रक्तात लवकर उतरते आणि तिचा जोरही लवकर ओसरतो. दहा-साडेदहाला हातपाय गळणे, डोके दुखणे, शाळेत पोराचे लक्ष न लागणे यामागे पुष्कळदा हेच असते. पोट धरून ठेवतात ती प्रथिने, थोडी चरबी आणि कोंड्यासकटचे धान्य. चहाच्या कपात यातले जवळजवळ काहीच नसते.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये आणि ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे वस्तीतल्या कोणत्याही गल्लीत दर दोन बायांमागे एकीचे रक्त कमी असू शकते. अन्नातले लोह अंगी लागण्यात चहा आडवा येतो, कारण चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवते. म्हणून न्याहारी आणि चहा यांच्यात निदान एक तासाचे अंतर ठेवावे. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतले 'क' जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करते. चहा सोडा असे कोणी म्हणत नाही. आधी पेलाभर न्याहारी, आणि चहा कामावर पोचल्यावर, एवढा बदल पुरे.

कोरडे ते टिकते

अन्न नासवणाऱ्या जंतूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागते. ज्या पदार्थात पाणी नाही, तो हवाबंद डब्यात अनेक आठवडे टिकतो. त्यात पाणी, दूध किंवा फळ पडले की मात्र त्याचे घड्याळ सुरू होते. यावरून सगळ्या कृतींना लागू पडणारा एक नियम निघतो : कोरडे ते डब्यात साठवा, ओले ते रोज ताजे मिसळा आणि लगेच पिऊन टाका. कालवलेले पेय उन्हाळ्यात दुपारपर्यंत बाटलीत घेऊन फिरू नये. कामावर न्यायचे असेल तर कोरडे पीठ डबीत न्यावे आणि पाणी तिथे घालावे.

डब्यात काय असावे?

डाळवे : फुटाण्याची ही सोललेली डाळ. कुठे तिला डाळं म्हणतात, कुठे पंढरपुरी डाळ. ती भाजलेलीच असल्याने पुन्हा शिजवावी लागत नाही. १०० ग्रॅम डाळव्यात २० ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. तीन मोठे चमचे शीग लावून पीठ घेतले तर ते साधारण ३० ग्रॅम भरते आणि त्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. पेलाभर दुधातही जवळजवळ तेवढीच असतात. डाळवे अख्खे दोन महिने सहज राहतात. पीठ मात्र तीन-चार आठवड्यांचेच दळावे.

नाचणी : १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कोणत्याही रोजच्या धान्यात इतके नाही. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ते १२० मिलिग्रॅमच्या आसपास असते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले तेव्हा नाचणीचे बरेच कौतुक झाले. आपल्या आज्यांना ते आधीच ठाऊक होते.

शेंगदाणे : प्रथिने सुमारे २५ टक्के आणि तेल भरपूर, म्हणून पोट फार वेळ भरलेले राहते. तेलामुळेच दाण्याचे कूट लवकर खवट होते. दाणे अख्खे साठवावेत आणि कूट आठ-दहा दिवसांपुरतेच करावे.

खारीक आणि गूळ : गोडीसाठी. खारीक सुकवलेली असल्याने महिनोन्‌महिने टिकते. गुळाबद्दल एक गैरसमज आहे, की तो कितीही खाल्ला तरी चालतो. गूळसुद्धा साखरच आहे. पेल्याला एक चहाचा चमचा पुरे.

दूध पावडर : ताजे दूध रोज परवडत नाही किंवा नासते, त्या घरांना उपयोगी. बंद पाकीट घ्यावे, सुटी पावडर घेऊ नये. चहासाठी मिळणाऱ्या डेअरी व्हाइटनरमध्ये बहुधा साखर मिसळलेली असते, म्हणून पाकिटावरची घटकांची यादी वाचून घ्यावे. ताजे असे फक्त दोनच पदार्थ लागतात, लिंबू आणि केळी. दोन्ही फ्रिजशिवाय काही दिवस राहतात.

चार पेल्यांच्या कृती

माप एका माणसाचे आहे. 'मोठा चमचा' म्हणजे आपण पोहे खातो तो.

पहिला पेला, खारे सातू : डाळव्याचे पीठ तीन मोठे चमचे, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. आधी थोड्या पाण्यात पीठ कालवून गुठळ्या मोडाव्यात, मग पेलाभर पाणी घालून रवीने घुसळावे. शेवटी अर्धे लिंबू पिळावे. वर बारीक चिरलेला कांदा-कोथिंबीर घातली तर चव वाढते. चूल पेटवावी लागत नाही, दोन मिनिटांत होते. बिहार-उत्तर प्रदेशातला मजूर उन्हात ज्या सत्तूवर दिवस काढतो, तो हाच. आपल्याकडच्या सातूच्या पिठात भाजलेले गहूही असतात. गहू खरपूस भाजून डाळव्याइतकेच दळून मिसळले तर आणखी चांगले, कारण प्रथिनांचे जे घटक गव्हात कमी असतात ते हरभऱ्यात जास्त असतात आणि जे हरभऱ्यात कमी ते गव्हात भरून निघतात. पीठ गिरणीतून आणले असेल तर त्यात आधीच्या दळणाचे कच्चे पीठ मिसळलेले असते. घरी आणल्यावर ते मंद आचेवर पाच मिनिटे परतून, पूर्ण गार करून डब्यात भरावे.

दुसरा पेला, नाचणीची आंबील : रात्री झोपताना नाचणीचे पीठ दोन मोठे चमचे अर्धा वाटी ताकात कालवून झाकून ठेवावे. सकाळी एक पेला पाणी उकळून त्यात ते सोडावे आणि ढवळत पाच-सात मिनिटे शिजवावे. मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घालावा. ताक नसेल तर पाण्यात कालवून शिजवावे आणि गूळ घालावा. नाचणीचे पीठ कच्चे कधीच पिऊ नये, ते शिजवलेच पाहिजे. उरलेली पेज संध्याकाळसाठी राखून ठेवू नये.

सवड असेल तर नाचणीचे सत्व करावे. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, उन्हात कडकडीत वाळवावी, हलकी भाजून दळावी आणि चाळावी. मोड आणण्याचे दोन फायदे आहेत. धान्यातले फायटिक आम्ल लोहाला अडवून धरते, ते मोड येताना कमी होते. शिवाय मोडातली विकरे पिष्ठाचे तुकडे करतात, त्यामुळे पेज शिजल्यावर घट्ट न होता पातळ राहते आणि त्याच वाटीत जास्त पीठ मावते. लहान मुलाचे पोट मुठीएवढे असते, घट्ट पेजेच्या चार चमच्यांनीच ते भरते. म्हणूनच बाळाला सत्व द्यायची पद्धत पडली.

तिसरा पेला, केळे-दाणे : एक पिकलेले केळे काट्याने किंवा वाटीच्या बुडाने पार लगदा होईपर्यंत चेचावे. त्यात भाजलेल्या दाण्याचे बारीक कूट दोन मोठे चमचे आणि दूध पावडर दोन मोठे चमचे घालावे. उकळून गार केलेले पाणी पेलाभर घालून घुसळावे. पिकलेल्या केळ्याची गोडी पुरते, साखर नको. हीच आपली स्मूदी. शाळेच्या पोरांना हा पेला सर्वांत आवडतो. पाण्याऐवजी ताजे, तापवलेले दूध असेल तर पावडर लागत नाही.

चौथा पेला, खारीक-डाळवे : खारकेतल्या बिया काढून, तुकडे तव्यावर कोरडे करून पूड करावी. ती दोन महिने टिकते. एक मोठा चमचा खारीक पूड, दोन चमचे डाळव्याचे पीठ आणि पेलाभर कोमट दूध. थंडीच्या दिवसांत चिमूटभर सुंठ घालावी.

मिक्सर नसला किंवा वीज गेली तरी अडत नाही. घट्ट झाकणाची रुंद तोंडाची बाटली अर्धी रिकामी ठेवून तीसपर्यंत आकडे मोजत हलवली की पीठ पाण्यात छान मिसळते. आधी पाणी, मग पीठ, हा क्रम ठेवला तर तळाशी गोळा बसत नाही. बाटली मात्र रोज साबणाने घासून, उपडी घालून वाळवावी. झाकणाच्या आट्यांत पीठ अडकले तर तिथेच जंतू वाढतात.

पाण्याकडे दुर्लक्ष नको

सातू आणि केळ्याचे पेय शिजवले जात नाही. म्हणून त्यातले पाणी जितके स्वच्छ तितकेच पेय स्वच्छ. पाइपलाइन गटाराजवळून जात असेल, नळाला सुरुवातीला गढूळ पाणी येत असेल किंवा टँकरचे पाणी असेल, तर पिण्याचे पाणी उकळलेच पाहिजे. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट ठेवावे, झाकून गार करावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. रात्री स्वयंपाक झाल्यावर दुसऱ्या दिवशीच्या पेल्यांपुरते पाणी उकळून ठेवले तर सकाळचा वेळ वाचतो. ते शक्य नसेल त्या दिवशी सातूऐवजी आंबील करावी, ती शिजवताना उकळतेच. पातळ जुलाब सुरू असलेल्या माणसाला ही पेये न देता आधी ओआरएस द्यावे.

पावसाळ्यातली काळजी

पत्र्याच्या घरात पावसाळ्यात हवाच ओली असते. पीठ गोळा होते, जाळी धरते, किडे पडतात. त्यावर उपाय साधे आहेत. पंधरा दिवसांपुरतेच दळावे. पीठ तव्यावर परतून घ्यावे, पण गरम असताना डबा बंद करू नये. आतली वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि तेच पिठात पडते. साठ्याचा मोठा डबा आणि रोजचा लहान डबा वेगळा ठेवावा, म्हणजे मोठा डबा रोज उघडावा लागत नाही. चमचा कोरडाच घालावा. डबा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा आणि दळल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून डब्याला लावावी.

शेंगदाण्याच्या बाबतीत जास्त सावध असावे. दमट जागी दाण्यावर हिरवी-काळी बुरशी येते. त्या बुरशीच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात आणि ते यकृताला घातक असते. भाजल्याने ते पूर्ण नाहीसे होत नाही. म्हणून बुरशी आलेले, सुरकुतलेले, काळे पडलेले किंवा कडू लागणारे दाणे निवडून टाकून द्यावेत. 'भाजले की चालेल' म्हणून स्वस्तातले खराब दाणे घेणे महागात पडते.

कोणी काय जपावे?

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही. सहा महिन्यांनंतर नाचणीचे सत्व चांगले शिजवून, वाटी-चमच्याने, आईच्या दुधासोबत सुरू करावे. ते बाटलीने पाजू नये.

मधुमेह असलेल्यांनी खारे सातू किंवा ताकातली आंबील घ्यावी. गूळ, खारीक आणि केळ्याचा पेला टाळावा. रक्तदाब असेल तर मीठ अगदी कमी करून लिंबू वाढवावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळवे, दाणे आणि केळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. दाण्याने कुणाच्या अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, दम लागत असेल, तर त्या माणसासाठी दाणे पूर्ण बंद.

रक्तवाढीच्या गोळ्या सुरू असतील तर त्या दुधाच्या पेल्याबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नयेत. लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम अशा दोन्ही गोळ्या मिळतात. त्या एकाच वेळी न घेता वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात. ज्यांना थकवा, धाप, चक्कर असा त्रास आहे त्यांनी न्याहारी सुधारून थांबू नये. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. न्याहारीने रक्त कमी होण्याचा वेग थांबेल, पण मुळातच फार कमी झालेले रक्त तेवढ्याने भरून येत नाही.

विदर्भातल्या आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आढळतो. या आजारातला रक्तक्षय अन्नातल्या लोहाच्या कमतरतेमुळे येत नाही, म्हणून अशा रुग्णांनी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांच्यासाठी पाणी भरपूर पिणे फार महत्त्वाचे आहे आणि सकाळचा पातळ पेला त्यालाही हातभार लावतो.

पैशांचा हिशेब आणि बाजारातली पावडर

एक किलो डाळव्याच्या पिठात ३० ग्रॅमचे ३३ पेले होतात, म्हणजे एका माणसाची महिन्याची न्याहारी. तुमच्या दुकानातला डाळव्याचा भाव घ्या आणि त्याला ३३ ने भागा. जो आकडा येईल त्याची तुलना पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याशी करा. मग पुड्यामागचा तक्ता वाचा. त्यात १०० ग्रॅमला प्रथिने किती आणि साखर किती हे लिहिलेले असते. शाळेतल्या मुलामुलींना हा हिशेब करायला द्यावा. त्यांना तो पटकन कळतो आणि घरात तेच सांगू लागतात.

उंची वाढेल, बुद्धी तल्लख होईल असे सांगून डब्यातली चॉकलेटी पावडर विकली जाते. त्यासाठी आईबाप पोटाला चिमटा काढतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढून टाकण्याची सूचना केली, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. डब्यावरचा शब्द वाचू नका, मागची साखर वाचा. जाहिरातीतला खेळाडू तुमच्या मुलाची उंची वाढवू शकत नाही.

सुरुवात कशी करावी?

एकदम चारही पेल्यांचा घाट घालू नये. येत्या सुट्टीच्या दिवशी एक किलो डाळवे, पाव किलो दाणे आणि चार लिंबे आणावीत. डाळवे दळून, परतून, गार करून भरावेत. पहिला आठवडा फक्त खारे सातू घ्यावे. कोरड्या हरभऱ्याची सवय नसेल तर पोटात वायू धरतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस एकच चमचा पीठ घेऊन मग हळूहळू वाढवावे. दुसऱ्या आठवड्यात नाचणी आणावी. बचत गटातल्या पाच-सात जणींनी मिळून घाऊक बाजारातून धान्य आणले आणि एकत्र दळले तर आणखी स्वस्त पडते.

हे काम पुन्हा घरातल्या बाईच्याच माथी मारू नये, कारण पीठ कालवायला चूल लागत नाही आणि हात कुणाचेही चालतात. दहा वर्षांचा मुलगा स्वतःचा आणि धाकट्या बहिणीचा पेला करू शकतो. नवरा बायकोला पेला करून देऊ शकतो. आपल्याकडे सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाणारी आणि बहुतेक वेळा चहावरच निघणारी घरातली बाईच असते. डब्यातल्या पिठाचा पहिला पेला तिच्या हातात दिला, तर अर्धे काम झाले असे समजावे.